डोळ्यांना हात लावायचा नाही

अण्णा,

आज संध्याकाळीही मी दुकानाचा मेन स्विच पाडला नाही. शटर ओढलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि निघून आले. तुम्ही असतात तर अर्ध्या वाटेतून परत पाठवलं असतंत. बाकीची माणसं एकमेकांना जेवलात का विचारतात, तुम्ही "मेन पाडला का?" विचारायचात. मावशी देगलूरहून आली की तिलाही तेच, तिच्या घराबद्दल. ती म्हणायची, "दाजी, आमच्याकडं लाईटच नसती, पाडू काय?" तेव्हा मी हसायची. आता हसू येत नाही. तुमच्या त्या एका सवयीने माझं पहिलं मशीन मेलं, आणि तुमच्या दुसऱ्या एका सवयीने काय मेलं ते मला या वर्षी कळलं. रागाच्या भरात लिहायला बसले आहे, त्यामुळे तुम्ही कसे आहात, बरे आहात का, हे विचारणार नाही.

आधी मशीनचं सांगते, कारण ते भांडण अर्धवट राहिलं होतं. शाईचा प्रिंटर स्विचवरून बंद करायचा नसतो, अण्णा. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. त्याचं स्वतःचं बटण दाबायचं आणि थांबायचं. मग आतलं शाईचं डोकं सरकत सरकत आपल्या कोपऱ्यात जातं, तिथं रबराची टोपी असते, तिच्यावर बसतं, आणि मगच दिवा विझतो. ती टोपी म्हणजे त्याचं झाकण. मधेच वीज तोडली की डोकं असेल तिथंच राहतं, उघड्या तोंडानं. त्याच्या खालची भोकं केसाहून बारीक. आपल्या लातूरच्या कोरड्या हवेत त्या भोकांच्या तोंडाशी शाई वाळायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी फोटो छापला की माणसाच्या कपाळावरून पांढरी रेघ. तुम्ही मात्र मी बटण दाबायच्या आत मागून मेन पाडायचात. मी चिडले की म्हणायचात, "असली नाजूक शाई असती व्हय? माझं फोटो धुवायचं हायपो बरणीत पडून ऱ्हातंय, त्याला काय होत न्हाई." मग मशीन आडलं. मी सफाईचं बटण दाबून दाबून अर्धी शाई गटारात घातली, रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तसं. आणि एका दुपारी मी बँकेत गेलेली बघून तुम्ही माया दाखवलीत. बोअरच्या पाण्यात कापूस भिजवून डोकं पुसून काढलंत! ज्या पाण्यानं आपल्या चहाच्या भांड्याला पांढरा थर चढतो, त्या पाण्यानं. मी आले तेव्हा तुम्ही हात पुसत म्हणालात, "मेलं बग तुजं मशीन." जसं काही ते आपल्या पावलांनी चालत जाऊन मेलं.

आता माझ्याकडे दोन मशीनं आहेत. दुकान गोलाईच्या बाजारातून ट्यूशनच्या वस्तीत आणलं, तेही तुम्हाला आवडलं नसतं. इथं सगळं गाव शिकायला येतं. देवणीचं, रेणापूरचं, अर्धापूरचं, पार नांदेड ओलांडून पलीकडचं पोरगं डोळ्यांत डॉक्टरकी घेऊन इथं उतरतं, आणि उतरल्यावर त्याला पहिल्यांदा पासपोर्ट फोटो लागतो. रंगीत मशीन त्यामुळे दिवसभर चालू असतं, त्याला आजारी पडायला सवड नाही. दुसरं मशीन काळ्या-पांढऱ्याचं. त्यात काळी, गडद करडी, फिकट करडी अशा शाया असतात, आणि छटा थोडी ऊबदार ठेवायला नावापुरते रंग. वर्षभर त्याला फारसं कुणी विचारत नाही. मग पितृपक्ष येतो. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली, म्हणजे इकडच्या किती घरांत सगळी श्राद्धं एकाच तिथीला पडतात ते तुम्हाला मी काय सांगायचं. त्या आधीच्या आठवड्यात किल्लारीकडची माणसं येतात. तुम्हीच करून दिलेले फोटो घेऊन येतात. ओल लागलेले, काचेला चिकटलेले, कडेनं वाळवी लागलेले. नवे करून द्या म्हणतात. आणि नेमकं तेव्हा, वर्षभर बसून राहिलेलं मशीन नखरे करतं.

म्हणून मी त्याला कधी बसून राहू देत नाही. रोज काहीतरी छापते. नुसतं काळं छापून भागत नाही, सगळ्या शायांनी थोडं थोडं बाहेर यावं लागतं, नाहीतर जी वापरली नाही ती रुसते. धूळ जाऊ नये म्हणून वर जुनं लुगडं टाकते. उन्हाळ्यात शेजारी वाटीभर पाणी ठेवते, हवेला ओल राहावी म्हणून. ज्या गावात माणसांना टँकरच्या मागं घागरी घेऊन पळताना बघितलं, त्या गावात मी मशीनला पाण्याची वाटी ठेवते, हे बघून तुम्ही मला बाहेर काढलं असतंत. आणि डोकं पुसायची वेळ आलीच तर बॅटरीत घालतात ते पाणी. बोअरचं नाही. कळलं?

हे सगळं मी तुमच्यावर ओरडून सांगतेय, पण माझा राग मशीनचा नाही.

आपल्या घरचं स्वयंपाकघर आठवतं? मला ते दोन काळांतलं आठवतं. आधी त्यात आई होती. तिचा चेहरा मला आठवत नाही, पण पाठ आठवते, चुलीसमोर बसलेली, आणि भाकरी थापताना परातीचा येणारा आवाज. ती काविळीनं गेली तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होते. पुढच्याच वर्षी भूकंप झाला. गोलाईतल्या दुकानाची मागची भिंत तडकली, मालक म्हणाला आत बसू नका, आणि तुम्ही फोटो धुवायचं सगळं सामान उचलून आईच्या स्वयंपाकघरात आणलंत. खिडकीला काळा कागद चिकटवलात, लाल दिवा टांगलात, चूल बाहेर ओसरीत गेली. एवढंही मी सोसलं असतं. पण ट्रे कमी पडले म्हणून तुम्ही आईची परात घेतलीत. जिच्यात ती पीठ मळायची त्या परातीत औषधाचं पाणी, आणि त्या पाण्यात कागद. मी दाराशी उभी राहून बघायची. पांढऱ्या कागदावर आधी केस यायचे, मग कुंकू, मग सगळी बाई. लोकांच्या आया आपल्या परातीत उगवायच्या. माझी तेवढी कधी उगवली नाही.

लोक काय काय घेऊन यायचे! ढिगाऱ्यातून काढलेले फोटो, वर पाऊस पडलेला, चेहऱ्याचा लगदा झालेला. लग्नातल्या घोळक्यात मागं उभी असलेली बाई, तिचं नाक दिसतंय पण डोळ्यांच्या जागी खरवडलेलं. तुम्ही त्याचा पुन्हा फोटो काढायचात, मोठा करायचात आणि मग भिंग लावून पेन्सिलीनं, बारीक ब्रशनं, गेलेलं सगळं भरून काढायचात. साडीचा काठ, मंगळसूत्र, हनुवटी. सगळ्यात शेवटी डोळे. डोळे करायच्या आधी तुम्ही घरच्या माणसाला समोर बसवून विचारायचात, "कसे होते?" एक म्हातारा मला अजून दिसतो. पटका काढून मांडीवर घेतलेला. बायकोचा फोटो आणला होता.

"डोळे कसे होते मामा? बारीक, मोठे?"

"डोळ्यासारखे डोळे होते की."

"तसं न्हाई. बघायची कशी?"

म्हाताऱ्यानं मांडीवरचा पटका उलगडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "आता काय सांगू सायेब. जल्मभर तीच माझ्याकडं बगायची. मी कवा बगितलं?"

आणि रडायला लागला. तुम्ही त्याला पाणी दिलंत, पाठीवर हात ठेवलात. परक्याच्या पाठीवर तुमचा हात किती सहज जायचा. आठ दिवसांनी तो आला, फोटो बघितला आणि हात जोडून म्हणाला, हाव, हीच. अशीच होती. मला तेव्हा वाटलं होतं, माझा बाप देव आहे. न बघितलेले डोळे काढतो.

मग मी मागं लागले. सगळ्यांच्या आया करता, माझी करा. आपल्या घरात आईचा एकही फोटो नव्हता. लग्नाचं रील धुताना उजेड लागला म्हणे, तुमच्याच हातून. आणि नंतर कधी काढलाच नाहीत. मावशी सांगते, आई एकदा नवं लुगडं नेसून दुकानात आली होती, कॅमेऱ्यासमोर बसलीही होती, तर तुम्ही म्हणालात, "घरच्याचे काय काढायचे, रोज तर बगतोच की." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गाव तुमच्याकडे फोटो काढायला यायचं आणि तुमची बायको स्टुलावरून उठून घरी स्वयंपाकाला गेली. ते जाऊ दे. पण मी विचारलं होतं ना तुम्हाला? त्याच स्वयंपाकघराच्या दारात, परातीकडे बघत. आई कशी दिसायची अण्णा? डोळे कसे होते तिचे? तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "आठवत न्हाई. जा, अभ्यास कर."

आठवत नाही. हे दोन शब्द मी किती वर्षं उराशी बाळगले! मला वाटायचं, बिचारा बाप, दुःखानं विसरला. मला तुमची दया यायची. मी शाळेत मुलींना सांगायची की माझ्या वडिलांना आईचा चेहरा आठवत नाही, आणि त्या हळहळायच्या. लोकांच्या दुःखाला तुमच्याकडे पेन्सिल होती, आणि माझ्या दुःखाला फक्त अभ्यास.

अभ्यासही केला. तुम्ही पहाटे उठवून क्लासला सोडायचात, सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून. सगळं लातूर तेव्हा तेच करत होतं. भूकंपानं पडलं ते सगळं आपण पोरांच्या मार्कांनी बांधून काढणार होतो. मला डॉक्टरकीला नंबर लागला नाही, तेव्हा तुम्ही माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाहीत. मी दुकानात बसते म्हटलं तर ओरडलात, "ह्यात काय हाय? मेल्यांची तोंडं धुवायची जल्मभर?" तरी मी बसले. आणि मग एके दिवशी काही न बोलता तुम्ही तुमचा तो सगळ्यात बारीक ब्रश माझ्यासमोर ठेवलात, ज्याच्या टोकाला मोजून चार केस उरलेले. मी तो कपाळाला लावला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "बाकी सगळं कर. डोळ्यांना हात लावायचा न्हाई. डोळे मी करीन."

का, म्हणून विचारलं तर "सांगितलं तेवढं ऐक." मला वाटलं, माझ्या हातावर विश्वास नाही. साड्यांचे काठ करायची मी, कानातली करायची, पुरुषांच्या मिशा करायची, आणि डोळ्यांच्या जागा तशाच मोकळ्या ठेवून फोटो तुमच्याकडे सरकवायची. पुरुषांचे, म्हाताऱ्यांचे डोळे पुढे पुढे करू दिलेत. बायांचे कधीच नाही. तुमचे हात कापायला लागले तरी नाही. तुम्ही गेलात, तुमची राख मी नांदेडला जाऊन गोदावरीत सोडली, पोरगी कशाला म्हणून भावकी कुजबुजत होती, आणि मला तिथं पाण्यात उभी असताना वाटत होतं की हा माणूस मला डोळे न शिकवता गेला. बघा, तेव्हाही मी कशावर चिडले होते आणि कशावर चिडायला हवं होतं!

या वर्षी पितृपक्षाआधी एक जण आला. आमच्याच गल्लीत क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आई भूकंपात गेली तेव्हा तो पाळण्यात होता, आजोळी होता म्हणून वाचला. तिचा फोटो आणला होता, तुमच्या हातचा, ओळखूच आला. कडेनं ओल चढलेली. "मोठा करून द्या म्याडम, नव्या घरात लावायचाय." आणि मग मोबाईल काढून आपल्या मुलीचा फोटो दाखवला. "हिचे डोळे बघा. सगळे म्हणतात आज्जीवर गेलीय." मीही म्हटलं, हो, अगदी. दुकानदार आणखी काय म्हणणार.

फोटो स्कॅन केला. सकाळभर बसून त्यावरचे बुरशीचे ठिपके एकेक करून काढले, डोळ्यांतलेसुद्धा, आता कोण अडवणार होतं मला? मग छापायला लावला. आणि रेघ आली. बरोबर दोन्ही डोळ्यांवरून, पांढरी, आडवी. मधे आठ-दहा दिवस मी तापानं झोपून होते, मशीन बसून राहिलं होतं, फिकट करडीचं भोक आडलेलं. मी चिडून सफाई केली, एकदाच, मग थांबले. तुम्ही घिसाडघाई केली असतीत, मी नाही केली. शाई आतल्या आत भिजून सुटायला वेळ द्यावा लागतो. टोपीवर बॅटरीच्या पाण्याचे थेंब सोडले, डोकं तिच्यावर बसवलं, जेवण होईपर्यंत हात लावला नाही. नंतर पुन्हा छापलं. कपाळ आलं, कुंकू आलं, आणि मग डोळे आले, एकाही रेघेशिवाय, काळे, ओले, सरळ माझ्याकडे बघणारे. मी खूश झाले. मशीनवर.

मावशी त्या वेळी माझ्याकडे होती, गुडघे दाखवायला देगलूरहून आलेली. जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली होती आणि माझ्यामागं उभी होती. तिनं हातातला डबा खाली ठेवला. वळून बघितलं तर तिची नजर छापलेल्या कागदावर होती.

"आक्का," ती म्हणाली.

"कोण आक्का?"

"कोण म्हंजे? तुजी आई. हे आक्काचे डोळे हायत गं."

मी म्हटलं, अगं ही एका गिऱ्हाइकाची आई आहे, भूकंपात गेली. तिनं ऐकलं नाही. पुढं आली, एक तळवा त्या बाईच्या कपाळावर ठेवला आणि दुसरा नाकातोंडावर. मधे नुसते डोळे राहिले. "डावी पापणी बग. वाईच खाली हाय. ल्हानपणापासून तशीच. आमची आई तिला झोपाळू म्हणायची. हसली की ती पापणी आधी मिटायची, मग दुसरी. ही बाई कोण हाय मला ठावं न्हाई. डोळे आक्काचेच हायत."

मी बघत राहिले, अण्णा. आणि मला ओळखू आले नाहीत. तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय? माझ्या आईचे डोळे माझ्या टेबलावर होते आणि मला ते दुसऱ्या कुणाकडून कळावं लागलं. सकाळभर मी त्यांच्यातले ठिपके काढत होते. त्याआधी कितीतरी वर्षं असे फोटो कागदात गुंडाळून मी स्वतः लोकांच्या हातात दिले होते. ते डोळे माझ्याकडे बघत होते आणि मी पुठ्ठा, दोरा, टाचणी बघत होते.

मी तशीच उठून फ्रेमवाल्या चाचांकडे गेले. तुमच्या सगळ्या फोटोंना काच त्यांनी लावली. आता थकलेत, मुलाच्या दुकानात नुसते बसून असतात. मी मोबाईलमध्ये फोटो दाखवला, काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा सारखा केला आणि हसले.

"अण्णाच्या बायका," म्हणाले. "बेटी, मी बोललो होतो त्याला. अण्णा, तुझ्या सगळ्या बायका सख्ख्या बहिणी दिसून राहिल्या. लोक काय म्हणतील?"

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणणार? तू काच नीट काप, म्हणाला." मग त्यांचं हसू गेलं. "मला मालूम होतं गं. भाभींच्या हातचं लई खाल्लं मी. पण असली गोष्ट माणसानं दुसऱ्या माणसाला बोलायची असती का?"

म्हणजे चाचांना माहीत. तुम्हाला माहीत. फक्त मला नाही. ज्या बाईचे डोळे कुणाला आठवत नव्हते, तिला तुम्ही माझ्या आईचे डोळे दिलेत. त्या पटकेवाल्या मामांच्या बायकोला दिलेत, या मास्तरच्या आईला दिलेत, आणखी किती जणींना दिलेत कुणास ठाऊक. किल्लारीकडच्या किती भिंतींवर माझी आई हार घालून बसली आहे. दसऱ्याला तिला पुसतात, श्राद्धाला तिच्यासमोर ताट ठेवतात, सुना तिच्या पाया पडतात. सगळ्या गावांची आई झाली ती. आणि ज्या एका घरात ती राहायची, त्या घरात तुम्ही मला म्हणालात, आठवत नाही. तुम्हाला पापणी आठवत होती! कोणती किती खाली ते आठवत होतं! वर्षानुवर्षं, हात कापत असताना, चुकला नाहीत. एक कागद माझ्यासाठी काढला असतात तर काय गेलं असतं तुमचं? पेन्सिलच ना? मी त्या दारात उभी राहून मागितलं होतं, अण्णा. मी लहान होते.

मावशी तुमची बाजू घेते. म्हणते, त्याला पुरा चेहरा झेपला नसंल गं, नुसते डोळे झेपले. लोकांच्या तोंडावर काढून तेवढी बगत असंल. असेल. पण मग मला काय झेपत होतं याचा विचार कुणी करायचा? परक्या म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या माणसाला आपल्या पोरीला एवढं सांगता येऊ नये? तुम्ही मोठे कलावंत असाल, गाव म्हणतं तसं. माझ्यापुरते तुम्ही खोटारडे आहात. लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

मास्तर फोटो न्यायला आला तेव्हा मुलीला घेऊन आला. मी रात्रीचं जेवले नव्हते, मनाशी ठरवलं होतं, सांगायचं. हे डोळे तुमच्या आईचे नाहीत, माझ्या आईचे आहेत. ते माझे आहेत. त्यानं फोटो टेबलावर उभा केला, पोरीला उचलून शेजारी धरलं आणि म्हणाला, "बघा म्याडम, आता सांगा. हाय का न्हाई?" पोरीचे डोळे गोल, बटणासारखे. कशाचा कशाला मेळ नाही. पण ती फोटोकडे बघून म्हणाली, "आज्जी," आणि तिनं एक डोळा अर्धा मिटला, फोटोतल्यासारखा. घरात तिला कुणीतरी तसं करायला शिकवलं होतं. सगळे हसत असतील. मास्तरही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बोलले असते तर त्याची आई गेली असती. बोलले नाही तर माझी जाते. तुम्ही मला कुठं आणून उभं केलंत ते बघा! मी फोटो पुठ्ठ्यात घातला, दोरा बांधला, आणि म्हटलं, काच चाचांच्या मुलाकडून लावून घ्या, दुसरीकडे नको. पोरीनं जाताना मला तो डोळा पुन्हा करून दाखवला.

त्या दिवशी मला तुमच्यासारखंच गप्प बसता आलं, आणि त्याचा मला तुमच्याहून जास्त राग आला.

फाईल मात्र ठेवली. त्याच्या आईचं नाक, हनुवटी, कुंकू सगळं कापून टाकलं. उरली ती पट्टी, काड्यापेटीएवढी, नुसते डोळे. आता रोज सकाळी शटर वर केलं की प्रिंटर चालू करते आणि भोकं तपासायला मशीनमध्ये रेघारेघांचा नमुना असतो, तो न काढता हीच पट्टी काढते. तुम्हाला धंद्याचं कळेल म्हणून सांगते, याहून चांगली तपासणी नाही. बाहुलीला पूर्ण काळी लागते, बुबुळाला गडद करडी, पांढऱ्याला फिकट करडी, आणि त्या पापणीच्या सावलीला थोडी ऊबदार छटा, म्हणजे रंगसुद्धा बाहेर येतात. एकही भोक आडलं तरी डोळ्यात लगेच दिसतं. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय म्याडम? मी सांगते, नोझल बंद पडू नयेत म्हणून रोज काढावं लागतं. मावशी गावी जाताना एक पट्टी पदरात बांधून घेऊन गेली. बाकीच्या मी फेकलेल्या नाहीत.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तर तुमचा पत्ता म्हणजे नांदेडचा घाट, आणि तिथं टपाल जात नाही. गेलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचलं असतंत, बाजूला ठेवलं असतंत आणि विचारलं असतंत, मेन पाडला का. म्हणून हे इथंच, मशीनवरच्या लुगड्याखाली ठेवते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगते, गिऱ्हाइकांना सांगत नाही. मशीनला रोज लागत नाही, अण्णा. आठवड्यातून दोनदा छापलं तरी भोकं उघडी राहतात.